ऑर्मरॉडची लाल गाडी

ही ऐकीव गोष्ट नाही. त्या गाडीत मी स्वतः बसले होते. आणि जे झालं ते भरदुपारी झालं... ९ फेब्रुवारी २०१४, रविवार, तीनच्या सुमारास. यॉर्कशायरमध्ये, स्किप्टनहून वर माळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर.

पोलिसांना मी यातलं निम्मंच सांगितलं. उरलेलं इथे सांगते.

ट्रेव्हर माझा धाकटा भाऊ. तेव्हा सत्तेचाळीसचा. घरांच्या भिंतींना गिलावा करायचं काम करतो. वर्षभरापूर्वी बायको सोडून गेली होती. तरुणपणापासून त्याला एकच वेड... लाल रंगाची, दोन सीटची, छप्पर उघडणारी स्पोर्ट्स कार.

शनिवारी त्याने ती घेतली. जुनी, जाहिरात बघून थेट मालकाकडून. मालक म्हणजे ऑर्मरॉड नावाचा सत्तरीचा म्हातारा. माळावरच्या दगडी घरात एकटाच राहायचा.

रविवारी जेवणं उरकली आणि ट्रेव्हर गाडी घेऊन माझ्या दारात हजर.

"छप्पर उघडं टाकून हिंडणार का रे?" मी म्हटलं. "टक्कल गारठेल की!"

तो हसला नाही.

जवळ आला तेव्हा दिसलं. खालचा ओठ फाटलेला. डावा कान काळानिळा.

"कुणाशी मारामारी करून आलास?"

"कुणाशी नाही गं." तो गाडीकडे न बघता बोलत होता. "ग्लेनी, मी ही परत करायला निघालोय. तू चल. एकट्याने नाही बसायचं मला तिच्यात."

"कालच घेतलीस ना? इंजिन गेलं का?"

"इंजिन झकास आहे. पैसे गेले तरी चालतील, पण ही नको. चल ना."

माझा भाऊ असा गयावया करणारा नाही. मी कोट घातला आणि त्याच्या डावीकडच्या सीटवर बसले.

गाव मागे पडलं. पाऊस भुरभुरत होता, म्हणून छप्पर बंदच होतं. दोन्ही बाजूंना दगडी बांध, पलीकडे मेंढ्या. ट्रेव्हर अगदी हळू चालवत होता. मागे एक ट्रक येऊन हॉर्न मारायला लागला, तसा चढावर त्याने वेग घेतला. इंजिन गुरगुरलं. काटा साठाच्या पुढे गेला.

आणि आवाज बंद झाला...

गाडी थांबली नव्हती. बांध सरसर मागे जात होते. वायपर हलत होते. पण इंजिन नाही, वारा नाही, काही नाही. मी "ट्रेव्हर" म्हटलं, ते मलाही ऐकू आलं नाही.

मग एकच आवाज आला.

कुणीतरी दात आवळून श्वास आत ओढला...

अगदी जवळ. माझ्या मागे नाही, पुढे नाही.

माझ्याच छातीत.

पुढचं मला आठवत नाही. आवाज परत आले तेव्हा गाडी बांधाला घासून तिरकी उभी होती. ट्रेव्हर दाराला चिकटला होता, दोन्ही हातांनी तोंड झाकून. बोटांमधून रक्त गळत होतं.

"बस कर," तो म्हणत होता. "ग्लेनी, बस कर आता."

मी माझ्या हाताकडे पाहिलं. मूठ अजून आवळलेली होती. बोटांची पेरं सोललेली.

"मी मारलं तुला?"

"ठोसे घालत होतीस. थांबव, मला उतरू दे, असं किंचाळत होतीस." त्याने रक्त थुंकलं. "पण आवाज तुझा नव्हता. कालही हेच झालं. फक्त काल बाजूला कुणीच नव्हतं."

मी दार उघडून बाहेर पडले. अंगात एवढा संताप होता की दात दुखत होते. कुणावर, ते कळत नव्हतं.

म्हाताऱ्याचं घर समोरच दिसत होतं. मी पायी निघाले. ट्रेव्हर माझ्या चालीने गाडी आणत होता. हळू चालवली की ती काही करत नाही, एवढं त्याला कळलं होतं.

ऑर्मरॉडने दार उघडलं. शनिवारी ट्रेव्हरला भेटला तेव्हा त्याने कान झाकणारी टोपी घातली होती. आज डोकं उघडं होतं. डावा कान अर्धा नव्हताच. डाव्या गालाचं हाड आत गेलेलं.

"आहे तशी विकली," तो आधीच म्हणाला. "कागदावर सही आहे तुझी."

"पैसे राहू देत तुमच्याकडे," ट्रेव्हर म्हणाला. "फक्त गाडी घ्या."

म्हाताऱ्याने त्याच्या ओठाकडे पाहिलं, नाकाकडे पाहिलं. आणि हसला.

"म्हणजे गेली तुझ्याबरोबर! अकरा वर्षांत काल पहिल्यांदा झोप लागली मला."

"कोण गेली?" मी विचारलं.

"डोरीन. माझी बायको." तो निवांत चौकटीला टेकला. "वेगाची भीती होती तिला. म्हणून मी मुद्दाम पळवायचो. मजा यायची, बाई. शेवटी शेवटी मारायलाही लागली होती. मग एकदा उतारावर तिने दार उघडलं आणि..."

त्याने हाताने उडी मारल्याची खूण केली.

ट्रेव्हरने त्याची गचांडी धरली आणि त्याला भिंतीवर आपटलं. म्हातारा चिवट होता. दाराआडचं फावडं त्याने उचललं आणि ट्रेव्हरच्या खांद्यावर घातलं. हाडाचा आवाज मला ऐकू आला. ट्रेव्हर गुडघ्यावर बसला. त्याच्या हातातली किल्ली चिखलात पडली.

"माझ्या अंगणात नाही ठेवायची ती!" म्हातारा ओरडला. किल्ली उचलून गाडीकडे धावला. "फाटकाबाहेर नेऊन टाकतो. मग बघा तुमचं तुम्ही!"

तो आत बसला. दार लावलं. इंजिन सुरू केलं. गाडी जागची हललीही नव्हती, पण या वेळी तिला वेग लागला नाही.

कुलपं खट्कन लागली...

आणि माळावरचा वारा थांबला. मेंढ्यांचा आवाज थांबला. ट्रेव्हर कण्हत होता, तेही ऐकू येईना.

म्हाताऱ्याचं डोकं काचेवर आदळलं.

बाजूची सीट रिकामी होती. मी नीट पाहिलं. रिकामीच होती.

पुन्हा आदळलं. काचेवर लाल डाग उमटला. तो हात वर करून तोंड झाकत होता, तर हात बाजूला ओढले जात होते. पुन्हा. पुन्हा. आवाज मात्र कसलाच नाही.

ट्रेव्हर एका हाताने दार ओढत होता. मग माझ्याकडे वळून तोंड वेडंवाकडं करून ओरडला. ओठांवरून कळलं.

दगड. दगड आण!

मी बांधातला एक दगड उपसला. ओला, जड, दोन्ही हातांत मावेल एवढा. काचेपाशी गेले. म्हाताऱ्याने मला पाहिलं. त्याचा एक डोळा अजून उघडा होता. तो काहीतरी म्हणत होता. विनवत होता.

मग एकदम हॉर्न वाजायला लागला. थांबेचना. त्याचं कपाळ त्यावर टेकलं होतं.

बुधवारपर्यंत तो हॉस्पिटलमध्ये जिवंत होता. कुणी मारलं, म्हणून पोलिसांनी विचारलं. "बायकोने," एवढंच म्हणाला. डोक्याला मार लागलाय, म्हणून त्यांनी ते मनावर घेतलं नाही. ट्रेव्हरला दोन दिवस बसवून ठेवलं. पण कुलपं आतून लागलेली होती, रक्त सगळं आतच होतं. शेवटी सोडलं.

गाडी भंगारात चेपून टाकली. ट्रेव्हर समोर उभा राहिला, पत्र्याचा चौकोन होईपर्यंत. आता तो कामाला बसने जातो.

मधूनमधून तो विषय काढतो. "तू भीतीने थिजलीस, ग्लेनी. मनाला लावून घेऊ नकोस. कुणीही थिजलं असतं."

मी मान हलवते.

मी थिजले नव्हते. दगड माझ्या हातात होता. एका घावात काच फुटली असती. मी नुसती बघत होते... आणि प्रत्येक फटक्याला मला बरं वाटत होतं.

ते बरं वाटणं डोरीनचं होतं, असं मी स्वतःला सांगते.

पण तेव्हा मी गाडीच्या बाहेर उभी होते.