सातवी चाचणी

बुधवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी आर्नी रौतिओ कॉलेजच्या उपाहारगृहात माणूस शोधायला निघाला. हातात दालचिनीचे दोन बन होते. दूर उत्तरेकडच्या कायानी शहरात नोव्हेंबरात त्या वेळी खिडक्यांबाहेर काळोख पडलेला असतो, आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही.

आर्नी, चित्रं काढणारी तूलिया आणि आवाजाचं काम बघणारा ओक्को, या तिघांनी वर्षभर खपून एक व्हिडिओ गेम केला होता. शुक्रवारी त्याची तपासणी होती. त्याआधी अनोळखी माणसांकडून सात चाचण्या व्हायला हव्या होत्या, आणि नियम एकच होता: खेळणाऱ्याने मनात येईल ते मोठ्याने बोलायचं, बनवणाऱ्यांनी मागे बसून ऐकायचं आणि काही झालं तरी तोंड उघडायचं नाही. सगळं ध्वनिमुद्रित होई. मागच्या आठवड्यात ओक्को नुसतं "डावीकडे..." पुटपुटला, तेवढ्यावर शिक्षिका हेल्काने ती चाचणी बाद केली होती. आता सहा जमल्या होत्या. आर्नी एकदा नापास झालेला होता. या खेपेलाही तसंच झालं तर कॉलेजातून त्याचं नावच कापलं जाणार होतं. गावी त्याच्या आईने पहिल्या वेळची गोष्टही अजून कुणाला सांगितली नव्हती.

कोपऱ्यात सेन्या नावाची मुलगी कॉफी पीत बसली होती. ती परिचारिकेचं शिक्षण घेत होती.

"वीस मिनिटं बसशील? एक बन देतो."

"दोन्ही दे. दिवसभर म्हाताऱ्यांची अंगं पुसलीत मी."

"दुसरा ओक्कोचा आहे."

"मग ओक्कोलाच बसव."

दोन्ही बन तिला मिळाले.

गेम साधा होता. तलावाकाठी लाकडी सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली. घरधनी यायच्या आत पाणी भरायचं, लाकडं आणायची, भट्टी पेटवायची. सौनाच्या मागच्या भिंतीवर एक दार होतं, पण ते नुसतं चित्र. भिंत ओकीबोकी दिसते म्हणून तूलियाने ते रंगवलं होतं. त्याच्यामागे काही बनवलेलंच नव्हतं.

चाचणीच्या खोलीत सेन्या बन खात, बडबडत खेळली. "ही बादली आहे की टोपी? ... अगं बाई, पेटलं." ओक्को हसू दाबत होता. मग ती त्या भिंतीसमोर थांबली.

"आत कोणीतरी आहे."

ओक्कोने आर्नीकडे पाहिलं. आर्नीने ओठांवर बोट ठेवलं.

"थंडी वाजतेय म्हणते." सेन्याचा आवाज बदलला होता, वॉर्डात रुग्णाशी बोलावं तसा मऊ झाला होता. "उघडू का?"

कोणी बोललं नाही.

"मी खरंच विचारतेय... उघडू का?"

तूलियाने आर्नीचा दंड धरला. तो हलला नाही. शुक्रवार दोन दिवसांवर होता.

सेन्याने मान जराशी मागे वळवली, ऐकल्यासारखी. "बरं. तुम्ही म्हणता तर."

तिने कळ दाबली. पडद्यावर काहीच झालं नाही. रंगवलेलं दार होतं तसंच होतं. खोलीत मात्र, सौनात अंगावर झोडतात तसल्या, भिजलेल्या बर्च झाडाच्या पानांचा वास पसरला. सेन्याने आपली खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली, मागून कुणाला जायला वाट द्यावी तशी. काही क्षणांनी ओक्कोने पाय आखडून घेतले. का, ते त्याला नंतर सांगता आलं नाही.

जाताना सेन्या अगदी पहिल्यासारखी होती. तिने कागदावर शेरा लिहिला: 'छान आहे. आतल्या बाईची बोली जुनी आहे, जरा सोपी करा.'

गेममध्ये कुठलीही बाई नव्हती.

संध्याकाळी तिघांनी ध्वनिमुद्रण ऐकलं. सेन्याचं "उघडू का?" आलं. मग पंख्याची घरघर. मग स्पष्ट, शांत, आर्नीच्या आवाजात, एकच शब्द: "उघड."

"मी बोललो नाही," आर्नी म्हणाला.

"माहितीय," तूलिया म्हणाली. "मी तुझ्या तोंडाकडेच बघत होते."

"हेल्काला सांगू या," ओक्को म्हणाला.

"काय सांगशील? माझा आवाज आहे. चाचणी बाद होईल. आठवी कधी घेणार? उद्या दिवसभर चाचणीची खोली बंद आहे."

"आर्नी, ती जी कोण..."

"आपल्यापैकी कोणी बोललं का? नाही ना? मग नाही बोललं."

त्याने तो शब्द कापला आणि नोंदीत लिहिलं: 'व्यत्यय नाही.'

शुक्रवारी गेम उत्तीर्ण झाला. हेल्काने हात मिळवला, खोकत हसली आणि पुढच्या गटाकडे गेली. अडीच वाजता आर्नीने कॉरिडॉरमधून आईला फोन लावला. गाव तिथून शंभर किलोमीटरवर होतं.

"आई, झालो पास."

"अरे, किती वेळा सांगशील?" आई हसत होती. "मघाशी दारातच सांगितलंस की. आणि सौनातून कसला फोन करतोस? बिघडेल ना तो वाफेने."

आर्नीने फोन कानाशी घट्ट दाबला.

"पाय मात्र किती ओले रे तुझे. सगळी पडवी भिजवलीस... थांब, टॉवेल विसरलायस, आणून देते."

"आई, मी कायानीत आहे. आई, थांब. ऐक माझं..."

पण तिने फोन कानापासून दूर केला होता. चपलांचा आवाज आला, लाकडी पायऱ्यांचा आला. तापल्या दगडांवर पाणी पडल्याचा चर्र आवाज आला. आर्नी कॉरिडॉरमध्ये ओरडत होता. मुलं वळून बघत होती.

आईने दारावर टकटक केली. "टॉवेल आणलाय रे. उघडू का?"

"नको!" आर्नी ओरडला. "आई, नको!"

 मग दाराआडून त्याचाच आवाज आला, मुळीच घाई नसलेला.

"उघड."

"बरं," आई म्हणाली. "तू म्हणतोस तर."