एक मिनिट चालू ठेव

मध्येच कुणी हसायचं नाही, आधीच सांगतो. हसलात तर चावी हातात देईन आणि म्हणेन, जा, स्वतः चालवून या.

ही ऐकीव गोष्ट नाहीये. मित्राच्या मावसभावाच्या शेजाऱ्याची तर नाहीच नाही. माझ्यासोबत झालंय. बुधवारी, दुपारी चार वाजून एकतीस मिनिटांनी, पाण्याच्या टाकीपुढच्या चढावर. लख्ख ऊन होतं. शेजारून शाळेची बस गेली, त्यातल्या एका पोराने मला जीभ दाखवली. एवढं सगळं नॉर्मल होतं.

आणि तरीही...

थांबा, पहिल्यापासून सांगतो.

माझी गाडी तुम्ही बघितलीय. छोटी एसयूव्ही, डिझेल, सगळ्यात खालचं मॉडेल. इतकं खालचं, की म्युझिक सिस्टिमच्या जागी नुसतं भोक आणि त्यावर प्लास्टिकचं झाकण. मागच्या काचा हाताने फिरवायच्या. रिमोट नाही, चारी दारं फिरून लॉक करायची. चाकांना कॅपसुद्धा नाहीत. गॅरेजवाला बंड्या तिला 'अनवाणी' म्हणतो.

पण चालायला राणी होती राणी!

दोन हजार आरपीएमच्या खाली जरा झोपाळू. डिझेलला ते असतंच. पण एकदा टर्बो जागा झाला, की पाठ सीटला चिकटायची. खड्डे तर तिला कळायचेच नाहीत. ताईच्या घराचा चढ आठवतोय ना? तो ती दुसऱ्या गिअरमध्ये, एसी चालू ठेवून, गुणगुणत चढायची.

आणि गाडी घेतलीच होती त्या चढासाठी. ताईला सातवा महिना लागला होता. भाऊजी बोटीवर, चार महिने यायचे नाहीत. ताई टेकडीवर, चौथ्या मजल्यावर एकटी. शेजारचा फ्लॅटही बंद. हट्टी एवढी, की आमच्याकडे राहायला यायला तयार नाही. मी छातीठोकपणे सांगून बसलो होतो, "तू फक्त फोन कर. दहाव्या मिनिटाला मी खाली हजर."

गाडी एका काकांकडून घेतली. वयस्कर, कमी बोलणारे. चावी देताना एकच गोष्ट सांगितली त्यांनी.

"पोचल्यावर लगेच बंद करू नकोस. एक मिनिट चालू ठेव. मग बंद कर."

मी शहाणा! म्हटलं, "टर्बो थंड व्हायला ना काका? माहितीये मला."

काकांनी चावी माझ्या हातात ठेवली.

पहिला महिना मी इमानदारीत एक मिनिट थांबायचो. मग बंड्याने चारचौघांत माझी काढली. "अरे येड्या, गावात तीस-चाळीसने चालवतोस, तुझा टर्बो तापतोय कुठे? उगाच डिझेल जाळतोस."

झालं. थांबणं बंद. पोचलो की चावी फिरवायची, दारं लॉक, पळा.

त्याच रविवारी मी अजून एक दीडशहाणपणा केला. मागच्या दारांना चाइल्ड लॉक लावलं. म्हणजे मागचं दार आतून उघडतच नाही, बाहेरूनच उघडावं लागतं. बंड्या खो खो हसला. "बाळ जन्मायच्या आधीच दार उघडून पळणारे का रे?"

तो हसला. मीही हसलो.

चार दिवसांनी गाडी जड झाली.

म्हणजे कशी सांगू... टर्बो जागा व्हायचा, पण आवाजच नुसता. ओढ नाही. ताईचा चढ दुसऱ्यात चढेना. पहिला टाकावा लागला. आठवड्याने पहिल्यातही धापा टाकायला लागली. ब्रेक दाबला की थांबायला जास्त जागा घ्यायची. संध्याकाळी समोरचे लोक मला डिपर मारायचे, शिव्या द्यायचे. उतरून बघितलं तर मागची बाजू बसलेली, आणि हेडलाइट सरळ लोकांच्या डोळ्यांत!

आणि एक आवाज.

गाडी लॉक करून दहा पावलं गेलो की मागून...

टक.

मग जरा थांबून... टक. टक.

मी म्हटलं, सायलेन्सर गार होतोय. होतो ना आवाज तसा? सगळ्या गाड्यांना होतो.

सर्व्हिस सेंटरला तीनदा गेलो. तीनदा! पहिल्यांदा फिल्टर बदलले. दुसऱ्यांदा क्लच बघितला, मागच्या स्प्रिंगा बघितल्या. तिसऱ्यांदा तो टाय लावलेला माणूस मलाच विचारतो, "सर, तुम्ही जास्त माणसं बसवता का?"

"मी एकटा असतो हो!"

"मग सगळं ओके आहे सर."

ओके काय ओके! ताईला शेवटचा आठवडा लागला होता. डॉक्टर म्हणाले होते, कधीही होईल. आणि माझी गाडी चढावर म्हशीसारखी बसतेय. मला झोप लागेना. ताईला सांगायची सोय नाही, ती घाबरली असती.

शेवटी वैतागून मंगळवारी ऑफिसमधून निघालो तो सरळ वजनकाट्यावर. जिथे ट्रक तोलतात तिथे. गाडी काट्यावर घेतली आणि खाली उतरलो. काटेवाला केबिनमध्ये, मान खाली, समोर फक्त आकडा.

"चौदाशे तीस."

मी म्हटलं, "असं कसं? पुस्तकात बाराशे दहा लिहिलंय."

त्याने मान वर न करताच ओरडून सांगितलं, "रिकामी गाडी तोलायचीय ना? मग बसलेल्यांना उतरवा की राव!"

मी गाडीकडे बघितलं.

मागची सीट... रिकामी.

"कुणी नाहीये मागे," मी म्हटलं.

आता त्याने मान वर केली. बघितलं. आकडा परत बघितला. मग म्हणाला, "काटा ठीक आहे हं आमचा. सकाळीच तपासलाय."

म्हणजे इथेही सगळं ओके!

दोनशे वीस किलो. मी डिकी उपसली, सीटखाली हात घातले, स्टेपनी काढून बघितली. एक तुटकी छत्री आणि पाण्याची बाटली. बस.

आणि दुसऱ्या दिवशी, बुधवारी, चार वीसला ताईचा फोन.

"पाणी गेलंय रे. लवकर ये."

आवाज एकदम शांत. ताईचा आवाज असा शांत झाला ना, की समजायचं तिची फाटलीय.

मी ऑफिसातून जो सुटलो! सिग्नल, वळण, पाण्याची टाकी. चढ लागला. पहिला गिअर, पाय पूर्ण खाली. गाडी निम्म्यावर आली...

आणि थांबली.

इंजिन चालू. आवाज नुसता घुर्रर्र. क्लच जळल्याचा वास. पाय जरा सैल केला की गाडी मागे. हँडब्रेक ओढला तरी इंच इंच मागे सरकायची. वर ताईची बिल्डिंग दिसत होती. गॅलरीतले कपडेसुद्धा दिसत होते!

मी स्टिअरिंगवर बुक्के मारले. खरं सांगतो, रडलो. चढाच्या कडेला एक मोठा दगड होता, तो चाकामागे टाकला. परत आत बसून ॲम्ब्युलन्सला फोन केला, ते म्हणाले चाळीस मिनिटं. मग कुणावर तरी राग काढायचाच होता. काकांना फोन लावला.

"काय गाडी विकलीत हो मला? चढत नाहीये! माझी बहीण वर एकटी आहे!"

काकांनी हळूच विचारलं, "एक मिनिट थांबतोस ना रे, पोचल्यावर?"

"काका, टर्बोचं काय घेऊन बसलात आता!"

"टर्बो?" काका म्हणाले. "मला काय कळतंय टर्बोतलं?"

मी फोन कानाला घट्ट लावला.

"मी डायलिसिसच्या पेशंटना ने-आण करायचो रे. बारा वर्षं. म्हातारी माणसं, थकलेली. उतरायला वेळ लागतो त्यांना. मी गाडी चालू ठेवून मागचं दार उघडायचो आणि एक मिनिट थांबायचो. पुढे पुढे एकेक पेशंट देवाघरी गेला... पण मी थांबायचं सोडलं नाही. उगाच घाई नको व्हायला कुणाची."

म्हणजे दीड महिना मी...

रोज दारं लॉक करत होतो. आतून न उघडणारी दारं.

टक. टक.

तो सायलेन्सर नव्हता.

फोन तसाच सीटवर टाकला. खाली उतरलो. मागचं डावं दार बाहेरून उघडलं आणि बाजूला झालो. तोंडातून आपोआप निघालं, "उतरा. सावकाश उतरा. चुकलं माझं."

फोनच्या स्क्रीनवर चार एकतीस.

काहीच नाही. शाळेची बस गेली. ते जीभवालं पोर.

मग...

गाडी हलली. मागची बाजू जरा वर आली. अगदी जरा. कुणी उतरल्यावर स्प्रिंग उठते ना, तशी.

एक.

मी अजून एक पाऊल मागे सरकलो.

दोन.

तीन.

मागची सीट तिघांचीच. मी दार लावायला हात पुढे केला...

चार.

माझ्या मनगटावरून काहीतरी सरकलं. आधाराला हात धरावा तसं.

दार लावलं. दगड काढला. पहिला टाकला, दुसरा टाकला, आणि शप्पथ सांगतो, गाडी बाणासारखी वर! ताई गेटवरच उभी होती, पिशवी घेऊन. मागे बसली आणि म्हणाली, "कुणाला सोडून आलास रे? सीट गरम आहे."

मी आरशात बघितलंच नाही.

मुलगी झाली. पावणेतीन किलो. दोघी ठणठणीत. गाडीही आता मस्त चालते, बंड्यालाच विचारा. इथे गोष्ट संपली असती तर मी पेढे वाटून मोकळा झालो असतो.

पण मी त्यांना उतरवलं कुठे, सांगा? ताईच्या चढावर. ताईच्या घराच्या दोनशे पावलं खाली.

नऊ दिवसांपूर्वी ताईला आणि बाळाला घरी आणलं. तिच्या बिल्डिंगची लिफ्ट छोटी. आत पाटी आहे, चार माणसं, दोनशे बाहत्तर किलो. ताई, बाळ, मी. आत पाय ठेवला तर...

पीं पीं पीं. ओव्हरलोड.

मी बाहेर आलो. तरी पीं पीं. ताई वैतागली, "काय मेली लिफ्ट आहे," म्हणत बाळाला घेऊन तीही बाहेर आली.

आवाज बंद.

दार आपोआप लागलं. रिकामी लिफ्ट वर निघाली. एक... दोन... तीन...

चार.

"वरून कुणीतरी बोलावली असेल," ताई म्हणाली.

चौथ्या मजल्यावर ताईशिवाय राहतंय कोण? आणि ताईची किल्ली तर ताईच्याच हातात!

लिफ्ट वर बराच वेळ थांबली. मी फोनमध्ये बघत होतो. बरोबर एक मिनिट. मग खाली आली. आम्ही बसलो. अजिबात वाजली नाही.

लिफ्टचा टेक्निशियन येऊन गेला. काय म्हणाला असेल? "सगळं ओके आहे." त्याचा गळाच धरणार होतो मी!

ताईला सांगितलं, काही दिवस आमच्याकडे चल. नाही म्हणाली. बाळ इथे छान झोपतंय म्हणे. रात्रीसुद्धा उठत नाही, पाळण्याला झोकाही द्यावा लागत नाही.

मी रोज ऑफिस सुटलं की तिच्याकडे जातो. निघताना तिचं दार सताड उघडं धरून एक मिनिट उभा राहतो. ताई आतून ओरडते, "दार लाव ना! कुणाची वाट बघतोस?"

काय सांगू तिला?

मग लिफ्टमध्ये जाऊन बटण दाबून धरतो. अजून एक मिनिट. माझं वजन अठ्ठावन्न. त्यात दोनशे वीस मिळवा. ते चौघं आत आले, तर लिफ्ट वाजायलाच हवी ना?

नऊ दिवस झाले.

खाली येताना लिफ्ट एकदाही वाजलेली नाही.