माणशी तीन मिरच्या

मुलगा बघायला येणार होता, म्हणून मी जसोंडीच्या आमच्या शेतात, कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या ढिगाआड लपले. तिथे आधीच एक जण लपला होता. शेजारी हिरव्या मिरच्यांचं टोपलं, हातात कोळसा, आणि पुढ्यात केळीच्या पानावर... समीकरण.

"बसा खाली!" तो कुजबुजला. "मला आज मुलगी बघायला आणलंय."

"मग इथे काय करताय?"

"भरताच्या मिरच्या काढतोय. मालूबाई म्हणाल्या, निरंजन सर, तुम्ही गणिताचे ना, हिसाब करा. मुलीपेक्षा हे सोपं वाटलं."

मालूबाई माझी आत्या. म्हणजे ती मुलगी मी. पण हे मी बोलले नाही. भाजत्या वांग्यांचा धूर, पलीकडे भरीत पार्टीला जमलेल्या साठ पाहुण्यांचा गलका, आणि त्याच्या नाकावर कोळशाचा ठिपका... अशा वेळी खरं बोलून कोणाचं भलं झालंय?

"कसं काढलं?"

"मालूबाईंच्या घरी चार जणांच्या भरताला बारा मिरच्या. मिरच्या माणसांच्या सम प्रमाणात. वाय इज इक्वल टू के एक्स. के हा स्थिरांक, माणशी तीन. साठ माणसं, एकशे ऐंशी मिरच्या."

बाकीची पोरं ज्या आवाजात बाईकचं मॉडेल सांगतात, त्या आवाजात तो 'स्थिरांक' म्हणाला. मी बी.एस्सी. गणित. सगळी रीत तपासली. एक पायरी गाळलेली नव्हती. उत्तरापुढे एककसुद्धा लिहिलं होतं — मिरच्या. आजकाल एकक कोण लिहितं!

"बरोबर आहे," मी म्हणाले. "दोनदा बघितलं."

"दोनदा?" त्याने पहिल्यांदाच मान वर केली. "आमच्या क्लासची पोरं तर एकदा पण बघत नाहीत, यार."

"मग पोरं बदला."

तो हसला. ठिपकाही हसला.

"तुम्ही... कोणाकडच्या?"

"भरताकडची," म्हणत मी मिरच्यांचं टोपलं उचललं आणि पळाले.

पंगत बसली. पहिला घास गेला आणि पंगतभर ठसके उठले. मग गोटूकाका उठले आणि त्यांनी केळीच्या खोडाला मिठी मारली. दोघांनी मोटरच्या पाइपाखाली डोकी घातली. एकटी आत्या शांतपणे जेवत होती. "आज जरा फिकंच झालं काय व माय?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. स्थिरांक आत्याच्या घरचा होता. तो बाकीच्या माणसांना लागू नव्हता.

"कोणाचा हिसाब हा?" बाबा ओरडले.

निरंजन उभा राहिला. डोळ्यांतून पाणी, नाकातूनही. "माझा, काका. रीत बरोबर होती. पण के एकाच घरातून घेतला, ती माझी चूक." आणि खाली बसून तो आपलं भरीत खायला लागला. आमच्याकडे चूक झाली की ती मजुराची असते, नाहीतर लाइट गेल्याची. स्वतःच्या चुकीला भाकरी लावून खाणारा माणूस मी पहिल्यांदा बघत होते.

"स्थळ कॅन्सल!" बाबा म्हणाले. "हा घर जाळेल."

मी उठले.

"बाबा, गणित मी तपासलं होतं."

निरंजनचा घास हातातच राहिला. "म्हणजे... बघायची मुलगी..."

"मीच. रंजिता."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"तुम्ही इतके छान लपला होतात. उठवावंसं वाटेना."

"आणि आता?"

मी त्याच्या शेजारी बसले. त्याच्या पानातलं भरीत माझ्या भाकरीवर घेतलं आणि खाल्लं. कान पेटले, डोळे वाहायला लागले.

"आता पसंत आहे," मी म्हणाले. "तुम्हाला?"

त्याने दोनदा मान डोलावली.

बाबांनी आमची दोन रडकी तोंडं बघितली. मग त्यांनी ताकाचा तांब्या आधी त्याच्याकडे सरकवला.

"लग्नाला आचारी सुरतहून आणायचा," ते आत्याला म्हणाले. "ते लोक भाजीत गूळ घालतात."