झाडलेला किनारा

वॉशिंग मशीनमध्ये काहीतरी खडखडलं. खारू नुकतीच झोपली होती, घरात पंख्याखेरीज कसलाच आवाज नव्हता, आणि त्या शांततेत ती खडखड म्हणजे बंद दारावर कुणी नखाने वाजवावं तशी. मी चवड्यांवर धावत जाऊन मशीन बंद केलं. खारूच्या बाबाच्या शर्टाचं बटण असणार. पाणी उतरल्यावर झाकण उघडून चाचपत गेले, तर खारूच्या पिवळ्या फ्रॉकच्या खिशातून शंख निघाला. नखाएवढा, पांढरा, आतून गुलाबी.

आमच्या शहराला समुद्र नाही. पण बालवाडीत पोरांकडून काय काय चिकटवून घेतात, तिथलाच असेल. लेकीला आम्ही खारू म्हणतो ते उगीच नाही. दिसेल ते उचलायचं आणि खिशात, नाहीतर गालात, दडवायचं. मी शंख खिडकीत ठेवला आणि कामाला बसले. तिची दुपारची झोप हेच माझं ऑफिस. ती जागी झाली की ऑफिस बंद.

मी एका सहल कंपनीसाठी किनारे झाडते.

म्हणजे असं. सुट्टीला कुठल्या बेटावर जायचं हे लोक फोटो बघून ठरवतात, आणि फोटोत त्यांना हवी असते रिकामी वाळू. वाकलेला माड, काचेसारखं पाणी आणि चिटपाखरू नाही. आपण तिथे पोचणारे पहिलेच, असं वाटायला पाहिजे. प्रत्यक्षात फोटो येतात ते छत्र्या, टॉवेल, उघडी पोटं आणि रडकी पोरं यांनी भरलेले. मी त्या माणसांवरून संगणकातला ब्रश फिरवते, शेजारची वाळू आणून तिथे पसरते, वरून एखादी लाट ओढून घेते. झाडून सगळे जातात. ऑफिसात या कामाला 'झाडणं'च म्हणतात. "भूत झाडतात तसं?" खारूच्या बाबाने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं, आणि आम्ही दोघं खूप हसलो होतो.

जगातले इतके किनारे पाहिलेत मी, की डोळे मिटून कुठली वाळू कुठल्या बेटाची ते सांगेन. पाय मात्र कधी भिजले नाहीत. लग्नानंतर जायचं होतं, तेव्हा रजा नव्हती. मग खारू झाली. फोटोतल्या माणसांचा मला राग यायचा असं नाही, पण त्यांना पुसताना हात जरा जोरात चालायचा, हे खरं.

त्या दुपारी जो फोटो उघडला त्यात ती बाई होती.

घोटाभर पाण्यात उभी, आपल्याकडे पाठ. फिकट हिरवा सैल सदरा, केस वर बांधलेले. बाकी गर्दीत तिच्याकडे लक्ष जाण्यासारखं काही नव्हतं, एक सोडून. तिचे हात रिकामे होते. पिशवी नाही, पाण्याची बाटली नाही, कुणाचं बोट नाही. दोन्ही हात नुसते लोंबत होते, सुखाने. माझ्या हातांना असं लोंबणं शेवटचं कधी मिळालं होतं ते मला आठवेना. मी जळले. मी सगळ्यांच्या आधी तिला झाडलं.

दुसरा फोटो दुसऱ्याच बेटाचा होता, काळ्या वाळूचा. तिथेही ती होती. तोच सदरा, तेच हात.

फोटोग्राफरची कुणी असेल, मी म्हटलं. काही काही बायका नशीबच घेऊन येतात. पुढच्या काही दिवसांत वेगवेगळ्या लोकांनी काढलेल्या, वेगवेगळ्या समुद्रांच्या फोटोंत ती सापडत गेली. प्रत्येक वेळी किंचित जास्त वळलेली. आधी कान दिसला, मग गाल. शेवटी मी ताईंना फोन लावला. ताई म्हणजे कंपनीच्या मालकीणबाई. सगळेच त्यांना ताई म्हणतात.

"ताई, फोटोत ती हिरव्या सदऱ्यातली बाई कोण हो? सगळीकडेच आहे."

"अगं, आता मला काय विचारतेस?" ताई हसल्या. "मला वाटलं तूच गंमत केलीस. स्वतःला टाकलंयस ना त्यात?"

"मी?"

"केसात पेन्सिल खोचून समुद्रावर जाणारी दुसरी कोण असणार, बाई! हौस फिटली असेल तर काढून टाक हो. गिऱ्हाइकाला दिसायला नको."

मी फोन ठेवला. हात आपोआप डोक्यामागे गेला. अंबाड्यात पेन्सिल होती. काम करताना केस डोळ्यांवर येतात म्हणून मी ती खोचते, कायमच.

दमलेली नजर काहीही जुळवते, हे मला कळतं. तिचा चेहरा अजून कुठे पुरता दिसला होता? पण एकदा कुणी म्हटल्यावर मला त्या बाईच्या मानेचा बाक ओळखू यायला लागला. आणि एक विचित्र झालं. परकीचं सुख एक वेळ सहन होतं. ही मीच असेन, तर मग मी जळायला मागे का राहिले? रोज दुपारी मी तिला झाडायची, केरसुणीने कोपऱ्यातलं जाळं काढावं तशी. दुसऱ्या दिवशी ती पुढच्या बेटावर.

त्याच सुमारास खारूच्या बाबाची रजा मंजूर झाली. घरात शिरता शिरताच तो म्हणाला, "चला, आता बेट निवडा. घरात तज्ज्ञ असताना मी कशाला तोंड घालू?"

मला रडूच आलं, आनंदाने. खारूला मांडीवर घेऊन मी तिला किनारे दाखवायला लागले. मग एकदम काळजी वाटली. माझ्याइतकं कुणाला माहीत, त्या रिकाम्या वाळूत किती गर्दी असते ते. म्हणून आम्ही एक खेळ सुरू केला. मी अनोळखी बाई व्हायचं, सोफ्यापाशी उभं राहायचं, आणि खारूने न रडता येऊन विचारायचं.

"काय विचारशील? मावशी, मी हरवले, असं."

"मी नाही हरवत," खारू म्हणाली. "मी तर इथेच आहे. आई हरवली."

"बरोबर आहे तिचं," बाबा पोट धरून हसला. "हरवणारी तूच. परवा स्वतःच्याच गल्लीत चुकली होतीस!"

तेव्हा वाक्य ठरलं ते असं: "मावशी, माझी आई हरवली. तुम्ही पाहिलीत का?" हात समोर बांधायचे, आणि 'तुम्ही' म्हणायचं. ती ते इतक्या गंभीरपणे म्हणायची की मला हसू आवरायचं नाही. मग तीही फिस्सकन हसायची, "अगं, तूच तर आहेस!" म्हणत पायांना मिठी मारायची. खेळ संपला.

एका दुपारी तिला उठवताना मी गालाचा पापा घेतला. गाल खारट लागला.

"खारूच ती, खारीच लागणार," बाबा संध्याकाळी म्हणाला. झोपेत रडली असेल, घाम असेल. पण चादर झटकली तेव्हा खाली बारीक काहीतरी सांडलं, आणि मी ते बोटांत घेऊन चोळलं. वाळू अंगणातलीही असते, बांधकामाचीही असते. ही मऊ होती, खरखरीत नव्हती. मी तिला ओळखत होते. कुठल्या बेटाची तेही सांगू शकले असते.

केस विंचरताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "खारू, दुपारी झोपेत काय काय बघतेस?"

"आईबरोबर जाते."

"मी तर इथे टेबलापाशी असते."

"तू नाही. तू काम करतेस ना." तिने मला समजावलं, मोठ्या माणसाच्या धीराने. "ती काम नाही करत. तिच्या हातात काही नसतं. म्हणून ती मला उचलते."

कंगवा तिच्या केसांत तसाच राहिला.

मला आधी त्या बाईच्या रिकाम्या हातांचा हेवा वाटला होता. ते हात कशासाठी रिकामे ठेवलेत, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

रविवारी बाबाने संगणकासमोर खुर्च्या मांडल्या. मी झाडलेले किनारे एकामागून एक सरकत होते, पांढरे, काळे, गुलाबी. एकावर खारूने बोट ठेवलं. नुसत्या वाळूवर.

"इथून आईला का पुसलंस?"

"कुणाला?" बाबा म्हणाला.

"इथे बसली होती. तू तिला झाडून टाकलंस," खारू माझ्याकडे न बघता म्हणाली. "मला इथेच जायचंय."

"झालं की मग! आमच्या खारूचा हुकूम," बाबा म्हणाला. "हेच बेट नक्की."

"समुद्र नको," मी म्हटलं. "डोंगरावर जाऊ."

"आता डोंगर? वर्षानुवर्षं समुद्र समुद्र म्हणून माझं डोकं खाल्लंस! दुरून डोंगर साजरे असतात, एवढं लक्षात ठेव."

काय सांगणार होते मी त्याला? त्याला पडद्यावर जे दिसत होतं ते मीच साफ केलेलं होतं.

मंगळवारी ताईंनी त्याच बेटाचा आणखी एक फोटो पाठवला. पहिल्या पानावर घ्यायचा होता, आजच झाडून हवा होता. खारू आतल्या खोलीत झोपली होती. बाहेर दोरीवर कपडे वाळत होते, त्यात खारूचा पिवळा फ्रॉकही. मी फोटो उघडला.

गर्दी नव्हती. किनाऱ्यावर दोघीच होत्या.

बाई वाळूत बसली होती, आता जवळजवळ समोर तोंड करून. तिच्या पुढ्यात एक छोटी मुलगी उकिडवी बसून काहीतरी वेचत होती. पाठ आपल्याकडे. पिवळा फ्रॉक.

मी बाहेर बघितलं. दोरीवर चिमटे होते. फ्रॉक नव्हता.

आतल्या खोलीत गेले. खारू पलंगावर होती. तिच्या अंगात पिवळा फ्रॉक होता. झोपवताना मी तिला निळा घातला होता. तिच्या पायाला हात लावला. तळवे ओले होते, गार.

पण ती होती. श्वास चालू होता. मी तिच्या पोटावर हात ठेवून बसून राहिले आणि मग, दार उघडं ठेवून, परत आले.

फोटोत मुलगी नव्हती.

बाई तिथेच होती. तिने हात पुढे केले होते, आत्ताच कुणी त्यांतून काही काढून घ्यावं तसे. आणि ती माझ्याकडे बघत होती.

चेहरा माझा होता. त्याचं मला काही वाटलं नाही. त्याची तयारी झाली होती. मला वाटलं ते नजरेचं. मी रोज ज्या नजरेने तिच्याकडे बघत होते, तीच ती नजर होती. बाई माझ्या टेबलाकडे बघत होती, खुंटीवरच्या चिमुकल्या दप्तराकडे बघत होती, आतल्या उघड्या दाराकडे बघत होती.

ती जळत होती.

मी ब्रश घेतला.

आधी हात झाडले. मग सदरा. शेजारची वाळू आणून तिच्यावर पसरत गेले. चेहरा शेवटी ठेवला होता. तिने डोळे मिटले नाहीत. मीही नाही.

एक लाट वरून ओढून घेतली.

किनारा स्वच्छ झाला. इतका सुंदर किनारा मी आजवर झाडला नव्हता. मी खुर्चीत मागे टेकले. हात बाजूला सोडले, आणि ते लोंबले. किती दिवसांनी.

पंख्याचा आवाज येत नव्हता. दुसरा कसला तरी येत होता, लांबून, जवळ येऊन पुन्हा मागे जाणारा.

पेन्सिल काढायला मी डोक्यामागे हात नेला. केस ओले होते.

आतून पावलं वाजली. खारू उठून दारात आली होती. पुन्हा निळ्या फ्रॉकमध्ये. गालावर उशीची घडी उमटलेली. रोज ती डोळे चोळत येऊन सरळ मांडीत चढते. मी हात पुढे केले. दोन्ही, रिकामे.

ती आली नाही. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग टेबलाकडे, मग परत माझ्याकडे. खोलीत ती आणखी कुणाला तरी शोधत होती. मग सोफ्यापाशी येऊन उभी राहिली, शिकवल्यासारखी, थोडं अंतर ठेवून. हात समोर बांधले. ती रडत नव्हती. आम्ही तसंच सांगितलं होतं.

मी हसले. म्हटलं आता ती फिस्सकन हसेल. वाट बघितली.

"मावशी," खारू म्हणाली, "माझी आई हरवली. तुम्ही पाहिलीत का?"