गोधडीतली बॅटरी

रोज काठोकाठ भरलेली बॅटरी दिवसेंदिवस लवकर का दमते, हे कोडं कार्तिकीला काही केल्या सुटत नव्हतं. आणि सांगणार तरी कुणाला? आई अंटार्क्टिकावरच्या संशोधन केंद्रात चौदा महिन्यांसाठी गेलेली. सुमाआत्या जीव लावायची, पण तिचा दिवस दवाखान्यात जायचा. शाळेनंतर जुन्नरच्या त्या घरात कार्तिकीला सोबत होती ती फक्त आईच्या विजेवरच्या स्कूटरची.

स्कूटर चालू केली की आईनं जाण्यापूर्वी भरून ठेवलेला आवाज यायचा, "स्टँड काढलास का गं? सावकाश जा." कार्तिकी जायची कुठेच नाही. सीटवर बसून तेवढंच पुन्हा पुन्हा ऐकायची. मग बॅटरी घरात आणून चार्जिंगला लावायची आणि थंडी म्हणून तिच्यावर आईच्या जुन्या साड्यांची गोधडी पांघरायची. बॅटरीबाईंचे लाडच तसे!

एका रविवारी आवाज "सावकाश"वरच तुटला. कार्तिकीला रडूच फुटलं. घर कधी नव्हे इतकं रिकामं वाटलं.

आत्यानं दुरुस्ती केंद्रातून तपासू नावाच्या यंत्रमानवाला बोलावलं. त्यानं आधी बॅटरी पाहिली, मग गोधडी.

"हे पांघरूण कुणाचं काम?"

"माझं. तिला थंडी वाजत असेल ना."

"थंडीचं एवढं काही नाही, ताई. उकाडा मात्र तिला मुळीच सोसत नाही." तपासू खाली बसला. "आत जणू दोन खोल्या असतात. चार्ज करताना आयन (विद्युतभार असलेले अतिसूक्ष्म कण) पहिल्या खोलीतून दुसरीत जातात. बॅटरी वापरली की परत येतात. या ये-जा करण्यात उष्णता तयार होते. ती कोंडली की आतली रसायनं बिघडतात, काही आयन तिकडेच अडकून पडतात. फारच तापली, तर आगही लागते! म्हणून चार्जिंग मोकळ्या हवेत आणि घरातलं मोठं माणूस जागं असताना. रोज काठोकाठ भरायचीही गरज नाही, ऐंशी टक्के पुरे."

"म्हणजे मीच मारलं तिला?"

"मारलं नाहीस गं. दमवलंस."

तपासूनं बॅटरी उघडली. तीन घट (बॅटरीतले छोटे कप्पे) फुगले होते. त्यांच्यामुळेच सुरक्षेसाठी अख्खी बॅटरी बंद पडत होती. "फुगलेल्याला टोचायचं नाही, दाबायचं नाही, कचऱ्यात तर टाकायचंच नाही," असं बजावत त्यानं ते वाळूच्या पेटीत ठेवले. "केंद्रात यांच्यातलं लिथियम काढू. त्याच्या नव्या बॅटऱ्या होतील."

"आणि उरलेले?"

"शिवनेरीचा चढ चढायचा जोर आता त्यांच्यात नाही. पण एक दिवा आणि छोटा ध्वनिक्षेपक ते कितीतरी वर्षं चालवतील. हा त्यांचा दुसरा जन्म! गाडीला नवी बॅटरी आई आल्यावर घेता येईल."

"पण आईचा आवाज?" कार्तिकीनं घाबरत विचारलं.

"तो बॅटरीत नसतोच. गाडीच्या स्मृतीत असतो. उरलेले घट, दिवा आणि ध्वनिक्षेपक या डब्यात बसवतो आणि आवाजाची प्रतही यातच घालतो."

संध्याकाळी दिव्याचा डबा खिडकीत मोकळ्या हवेवर ठेवला होता. गोधडी आता कार्तिकीच्या अंगावर होती. ती आईची उणीव काही भरून काढत नव्हती, पण ऊब देत होती. तिनं बटण दाबलं.

"स्टँड काढलास का गं? सावकाश जा."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिनं उत्तर दिलं, "मी घरीच आहे, आई. तूच सावकाश ये."