बॅट्समन हलायच्या आधी

शेलूबाजारहून किन्हीराजाकडे जाणारी जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि कितीही भरली तरी ड्रायव्हरला एक माणूस कमीच वाटतो. त्या दिवशी तो एक माणूस विनोद होता.

"जराक सरका..." म्हणत तो टेकला आणि थेट माझ्या पुस्तकात डोकावला. "क्रिकेटचे नियम? कायले वाचून राह्यल्या?"

"आज किन्हीराजात मॅच हाय ना? तिथं एक अंपायर मी."

"मंग आपलं जमलंच! मी तिथलाच खेळाडू. मले आउट देऊ नका."

"आउट असले तर देईन."

तो हसला. पुढचा सगळा रस्ता मी पानं उलटत होते; एक ओळ वाचली असेल तर शपथ! तो मला आवडला होता, आणि हीच वेळ होती का आवडायची?

मैदान म्हणजे सोयाबीन निघालेलं शेत. मॅच भरवणाऱ्या उदयसिंगकाकांनी आधीच बजावलं, "ज्योत्स्ना, पयलीच मॅच हाय तुयी. भांडण झालं तं रविवारच्या फायनलले दुसरा अंपायर पाहू."

फायनलला उभं राहायचं म्हणून मी दोन वर्षं अभ्यास केला होता.

शेवटचा बॉल. पाहुण्यांना चार धावा हव्यात, विकेट एकच. दुसरा अंपायर बॉलरच्या टोकाला, मी स्क्वेअर लेगला, विनोद स्लिपमध्ये. बॉलरच्या हातून बॉल सुटला आणि — बॅट्समन अजून हललाही नव्हता — विनोद कीपरच्या मागून लेग साइडला धावत सुटला!

"डेड बॉल!" मी ओरडले. तोवर बॅट्समनने नेमका तिकडेच बॉल उचलला आणि विनोदने झेलला. गुलाल उडाला. माझा आवाज कुणाला ऐकू जातो! मी कमरेखाली मनगटं एकमेकांवरून फिरवत डेड बॉलची खूण करत उभीच राहिले.

"कोनाच्या बाजूनं हायेस पोरी?" माणसं अंगावर आली.

"बॅट्समननं फटक्याचा इरादा दाखवल्याबिगर फिल्डरनं अशी जागा सोडाची नाही. बॉल रद्द."

विनोद गर्दीतून पुढे आला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर रडले असते.

"बराबर हाय तिचं," तो म्हणाला. "मी आधीच पयालो. टाका पुन्हा."

पुन्हा टाकलेल्या बॉलवर चौकार गेला. किन्हीराजा हरलं. उदयसिंगकाका गुलाल झटकत एवढंच म्हणाले, "रविवारी दहाले ये."

परतीच्या जीपमध्ये बसले, पण जीव थाऱ्यावर नव्हता. विनोद समोरच्या लिंबाखाली उभा... ना जवळ येतो, ना घरी जातो. रागावला असेल? मग बघतो कशाला?

"एक माणूस कमी हाय!" ड्रायव्हर ओरडला.

शेवटी मीच डोकं बाहेर काढलं. "तिथं काहून उभे राह्यले?"

"तुमी काही बोलल्याबिगर हालाचं नाही, असं ठरवलं... एकदा आधीच पयालो, गाव हरलं."

"पण घर तं तुमचं इथंच हाय. जीपनं जासान कुठं?"

"शेलूबाजारले. अन् लगेच वापस."

मी सरकले. शेजारची जागा हाताने झटकली.

"ये ना मंग, विनोद."

तो असा धावत सुटला की चप्पल लिंबाखालीच राहिली.