भीमाचा टाक

ऐकीव गोष्ट नाही ही. घडलेली आहे, आणि ज्याच्यावर गुदरली तो जोतीराम थापा मारणाऱ्यातला नव्हता.

साल एकोणीसशे बत्तीस. वैशाख अमावास्या, भर दुपार. होटगी स्टेशनामागचं घर.

जोतीराम रेल्वेत सांधेवाला, गाडीसाठी रूळ बदलून देणारा. त्याचा थोरला भाऊ भीमा सोळा वर्षांपूर्वी, पहिल्या महायुद्धात, पलटणीबरोबर बसऱ्याच्या लढाईवर गेला. पुढे सरकारी कागद आला. त्यात एवढंच... बेपत्ता.

म्हातारी आई केराबाईने एकच धोशा लावला होता.

"माझा भीमा लढाईत पडला असंल, तर वीर म्हनून देवघरात त्याचा टाक बसव की रं. मी जायच्या आत."

टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली मूर्ती. पण तो मेलेल्याचाच करतात. जित्या माणसाचा केला तर... पुढचं बोलायची कुणाची छाती नव्हती.

म्हणून होटगीला गाडी बदलणाऱ्या प्रत्येक खाकी कोटवाल्याला जोतीराम गाठायचा. "बसऱ्याला होता का? आमचा भीमा ठाव हाय का?" लोक हसायचे. नऊ वर्षं हसले.

शेवटी पेन्शनीत आलेला अल्लाउद्दीन भेटला. भीमाच्याच पलटणीतला. नाव ऐकताच त्याने मान खाली घातली.

"पानी संपलं होतं, भाऊ. त्याला चालता येईना. रेतीतच ठेवून आलो आमी."

"मेला हुता न्हवं?"



"पानी मागत होता."

जोतीरामने हे घरी सांगितलं नाही. लढता लढता पडला म्हणाला. सोनारानेही विचारलं, नक्की वारलेत ना? हा म्हणाला, व्हय. आईसाठीच केलं बिचाऱ्याने.

अमावास्येला टाक बसला. आईने पुढ्यात तांब्या भरून ठेवला आणि डोळ्यांना पदर लावला.

घटकाभराने जोतीराम पाहतो तर...

तांब्या कोरडा.

त्याने पुन्हा भरला. पुन्हा कोरडा. मग घागर ठेवली. तीही रिकामी झाली. खाली ओल नाही, घागरीला चीर नाही.

आणि मग आवाज आला... कुणीतरी घटाघट घोट घेतल्यासारखा.

तिसऱ्या दिवशी सीना नदीत सोडायला त्याने टाक उचलला. आई उंबऱ्यात आडवी आली.

"सोळा वर्सांनी लेक घरी आला, अन् तू त्याला भाईर काढतूस?"

मग हळूच म्हणाली, "जोत्या, त्याला जित्ता टाकून आले व्हय रं?"

जोतीरामने टाक परत देवघरात ठेवला.

"कुनी सांगितलं तुला?"

तिने टाकाकडे बोट केलं.

त्या दिवसापासून तिने पाणी सोडलं. "आदी त्याचं भागू दे."

जोतीराम पाया पडला, रडला, ओरडला. तिच्या तोंडाशी धरलेला पेला ती टाकापुढे नेऊन ठेवायची. तो विहिरीवरून खेपा घालत राहिला. दुसरं त्याच्या हातात होतंच काय?

पाचव्या दिवशी ती गेली. शेवटचं पाणी त्याने तिच्या ओठांत घातलं. ते गालावरून ओघळलं...

जमिनीवर थेंबसुद्धा पडला नाही.

दिवसकार्य झालं, पाहुणे गेले. जोतीरामने घागर भरायचं काही सोडलं नाही. सोडायची हिंमतच झाली नाही.

कारण आता घोट घ्यायचा आवाज... दोघांचा यायचा.